रोपवाटिकेतला उमाळा

बांधाच्या कचेरीत तिला सगळे ‘बहुधाबाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठ वळली की. पण कचेरीच्या भिंती इतक्या पातळ होत्या की पाठ वळण्याची वाट बघण्यात फारसा अर्थ नव्हता.

नदीच्या काठाने, वस्तीच्या बाजूला, मातीचा लांबलचक बांध होता. त्या बांधाच्या खालून पाणी किती झिरपतं, झिरपताना माती ओढून नेतं का, आणि नेत असेल तर बांध आतून पोखरून एक दिवस बसेल का, याचा अंदाज करणं हे तिचं काम. कुणी विचारलं, ‘‘काय बाई, पडणार का बांध?’’ तर ती जे खरं वाटायचं तेच सांगायची, ‘‘बहुधा नाही.’’ ऐकणाऱ्याच्या कानात त्यातलं ‘नाही’ शिरायच्या आधी ‘बहुधा’ शिरायचं आणि तो हातातला चहा तसाच ठेवून निघून जायचा.

हे काम आपण कधी निवडलं ते तिला आठवत नव्हतं. ती नोकरीला लागली होती मातीच्या प्रयोगशाळेत. चाळण्या हलवायच्या, वाळू वेगळी करायची, बारीक किती नि जाड किती ते वजन करून सांगायचं. त्यात तिचा जीव रमायचा. चाळणीतून पडली ती बारीक, राहिली ती जाड, वाद संपला. पण धोक्याचा अंदाज करणारे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्या टेबलाला कुणी वाली उरला नाही, आणि साहेबांनी एक दिवस सहज म्हटलं, ‘‘बाई, तुम्हाला वाळू कळते ना? मग बसा तिथे.’’ ती बसली ती बसलीच.

त्या टेबलामागे भिंतीवर बांधाचा नकाशा होता. भक्कम वाटेल तो तुकडा हिरवा रंगवायचा, शंका असेल तो पिवळा, धोका असेल तो लाल. तिच्या हाती आल्यापासून नकाशा हळूहळू पिवळा होत गेला. साहेब एकदा बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, ‘‘बाई, हा बांध आहे की सूर्यफुलांचं शेत?’’

तिचाही नाइलाज होता. माणसाला दिसतो तो वरचा बांध. त्याच्या खाली चिकणमातीचा थर, आणि त्याच्याही खाली वाळू. नदी चढली की त्या वाळूतून पाणी वस्तीकडे रेटलं जातं. वरची चिकणमाती जाड असली तर पाणी खालच्या खाली दबून राहतं. पातळ असली तर कुठेतरी तिला भोक पाडून वर उसळतं. नुसतं पाणी आलं तर फारसं बिघडत नाही. पण पाण्याबरोबर वाळू यायला लागली की जमिनीच्या पोटात बीळ पडायला लागतं आणि ते वस्तीकडून नदीकडे, उलटं सरकत जातं. ते नदीला जाऊन भिडलं की मग बांध उभा राहायचं काही कारण उरत नाही. हे सगळं चालतं डोळ्याआड. मातीचा नमुना काढायला दूर दूर अंतरावर घेतलेली चार भोकं आणि पायथ्याशी रोवलेल्या लोखंडी नळ्या, एवढ्यावरून आतलं ओळखायचं. तिच्या नवऱ्याच्या शब्दांत, बंद पाकिटावरून आतलं पत्र वाचायचं. तो पोस्टात होता.

आणि याच बांधाच्या पायथ्याशी तिच्या नणंदेचं घर होतं.

नणंदेला घरात सगळे ठमी म्हणत. लहानपणी गोलमटोल होती म्हणून पडलेलं नाव, ती मोठी होऊन वाळली तरी सुटलं नाही. तिचा नवरा ट्रकवर असायचा, अधूनमधूनच घरी. ठमी एकटीच्या जिवावर रोपवाटिका चालवायची. गुलाब, मोगरा, वेली, फळझाडांची कलमं, काळ्या पिशव्यांच्या रांगाच्या रांगा. तिच्याकडे झाडं इतकी तरारून यायची की लोक म्हणत हिच्या हाताला गुण आहे. बहुधाबाई मात्र तो हिरवेपणा पाहिला की वाकून पायाखालची माती चाचपायची. बांधाच्या पायथ्याची जमीन न शिंपता ओली राहते, याचं कौतुक करावं की काळजी, ते तिला कधीच कळलं नाही.

त्या वर्षी तर दोघी बहुधाबाईच्या नवऱ्याच्या मार्फत बोलत होत्या. सासूबाई गेल्यावर त्यांचं शिवणयंत्र सुनेकडे राहिलं, कारण ते आधीपासून तिच्याच खोलीत होतं आणि तीच त्यावर शिवायची. ठमीचं म्हणणं, आईची वस्तू लेकीची. दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटायला काही जागाच नव्हती.

नदी चढली ती वरच्या भागातल्या पावसाने. चढते आणि उतरते, तशी नेहमीसारखी उतरेल असं सगळ्यांना वाटलं. पण ती चढून तशीच राहिली, बांधाला खांदा लावून उभी राहिल्यासारखी. कचेरीतली सगळी माणसं बांधावर विखुरली. बहुधाबाई सकाळपासून नळ्यांत फीत सोडत फिरत होती. फीत पाण्याला टेकली की टूं वाजते, मग पाणी किती वर आलं ते वाचायचं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

‘‘अगं, ठमी सांगत होती, तिच्याकडे झरा लागलाय. खूश आहे. म्हणते पाइप ओढायची कटकट गेली.’’

बहुधाबाईच्या हातातली फीत सुटली आणि नळीच्या आत जाऊन टूं टूं करत राहिली.

ठमीकडे गुलाबांच्या रांगेमागे, बांधापासून अंगणभर अंतरावर, जमिनीवर बशीएवढं वर्तुळ होतं. मधोमध पाणी उकळल्यासारखं हलकं हलकं वर येत होतं, आणि भोवती बारीक वाळूची कडा जमली होती, मुंगीच्या वारुळासारखी. ठमीने शेजारी एक मग ठेवला होता.

‘‘बघ किती नितळ आहे,’’ ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती वहिनीशी थेट बोलत होती, तेही आनंदाच्या भरात विसरून. मग आठवण झाली आणि तिने तोंड फिरवलं.

पाणी खरंच नितळ होतं. बहुधाबाईने हात घातला. बोटांना कण लागले, का लागल्यासारखे वाटले. तिने काचेची बरणी मागितली, पाणी भरलं आणि कट्ट्यावर ठेवून वाट पाहिली. तळाशी काहीच बसलं नाही. दुसऱ्यांदा भरलं. या वेळी चिमूटभर वाळू बसली.

‘‘ठमे, ही बरणी आधी धुतलेली होती ना?’’

‘‘माझ्या बरण्या घाण असतात असं म्हणायचंय का तुला?’’

‘‘तसं नाही गं.’’

‘‘मग कसं?’’

कसं ते तिलाही माहीत नव्हतं. जवळच्या दोन नळ्या तिने मोजल्या. एकीत पाणी इतकं वर होतं की खालच्या दाबाने जमीन उचलली जायला हवी. पलीकडच्या नळीत इतकं खाली की काळजीचं नावच नको. एक नळी खोटं बोलत होती. पण कोणती? तळाशी गाळ बसून नळी तुंबली की ती कसंही वाचन देते, आणि दोन्ही नळ्या तिच्या नोकरीइतक्याच जुन्या होत्या.

ती कट्ट्यावरच आकडेमोड करायला बसली. चिकणमाती किती जाड, वाळू किती जाड, पाण्याला खालून किती लांब वाट काढावी लागते, नदी किती वर. सूत्रात डावीकडच्या भोकातली वाळू घातली तर बांध आणखी कित्येक पुरांना पुरून उरत होता. उजवीकडच्या भोकातली घातली तर तो कालच पडायला हवा होता. आणि बांध तर समोर उभा होता, त्यावर गवत डुलत होतं. ठमीच्या घराखाली नेमकी कोणती वाळू आहे, ते कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात पाइपलाइन तपासत फिरणारा पाणीपुरवठ्याचा माणूस सायकल टेकवून आत आला. त्याने उकळतं पाणी पाहिलं, ओंजळीत घेऊन चाखलं आणि छातीवर हात मारून म्हणाला, ‘‘आमचंच आहे, बाई. औषधाचा वास येतोय. मोठी पाइपलाइन इथूनच जाते, कुठेतरी सांधा सुटला असणार.’’

बहुधाबाईच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिनेही चाखलं. तिला चिखलाचा वास आला. ठमीने चाखलं. ती म्हणाली, ‘‘पाण्यासारखं लागतंय.’’

त्याने जाऊन वाल्व्ह बंद केला. सगळे वर्तुळाभोवती वाकून बसले. उकळणं कमी झालं.

‘‘बघा!’’ पाणीवाला म्हणाला.

खरंच कमी झालं होतं? की नुसतं बघून बघून तसं वाटत होतं? बहुधाबाई बांधावर चढली आणि नदीत रोवलेली खुणेची पट्टी पाहून आली. नदीही तेवढ्यात बोटभर उतरली होती. म्हणजे आता कमी झालं ते वाल्व्हमुळे की नदीमुळे, हेही सांगणं कठीण. तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं. आयुष्यात एकदा तरी एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एवढीच तिची मागणी होती.

साहेबांना तिने फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘‘बाई, मला कथा नको. वस्ती हलवायची की नाही? एक शब्द सांगा.’’

‘‘साहेब, मला थोडा वेळ...’’

‘‘घ्या. पण नदी थांबणार आहे का तुमच्यासाठी?’’

ती वेळ घ्यायला घरामागच्या पायरीवर जाऊन बसली, आणि तिथे बसल्यावर तिच्या मनात भलतंच काहीतरी वळवळायला लागलं. हे घर ठमीचं नसतं, तर आपण काय म्हटलं असतं? नात्याचं माणूस म्हणून आपल्याला जास्त भीती वाटतेय, की नात्याचं माणूस म्हणूनच आपण ती दाबतोय? वस्ती हलवली, रोपवाटिका तुडवली गेली आणि काहीच झालं नाही, तर ठमी म्हणणार, शिवणयंत्राचा सूड घेतला. आणि आपल्या अंतःकरणात, अगदी तळाशी, तसा एखादा कण नाहीच, हे छातीठोक सांगता येईल का? मागे एकदा तिने असाच आरडाओरडा केला होता आणि ते निघालं होतं एका घराचं फुटलेलं गटार. महिनाभर कचेरीत तिच्याकडे पाहून लोक नाक धरत होते. मनात असं तळ्यात-मळ्यात चालू असताना पुढे अंगणात काय चाललंय याकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

पुढे शेजारचा गवंडी आला होता. चांगल्या मनाचा माणूस, कुणाच्याही मदतीला धावणारा. त्याने पाहिलं, बाई मागे पायरीवर विचारात बसल्यायत, ठमी घरात गेलीय, पाणीवाला अजून पाणी चाखतोय, आणि भोक तर उघडंच. त्याने आपल्या कामावरून सिमेंटचा माल आणला, दगड ठासले, वरून थापी मारली आणि हात झटकून म्हणाला, ‘‘घ्या, मिटलं.’’

बहुधाबाई धावत आली ती ओरडतच. ‘‘अहो, बुजवायचं नसतं ते! पाण्याला बाहेर येऊ द्यायचं असतं, फक्त माती अडवायची!’’

‘‘गळतंय ते बुजवायचं नाही? मग काय करायचं, बाई? पूजा करायची?’’

तिने समजावायला तोंड उघडलं, तोच घरातून ठमीची हाक आली. आवाज नेहमीचा नव्हता.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून फरशी उचलली गेली होती. फटीतून पाणी येत होतं, आणि हे पाणी नितळ नव्हतं. राखाडी होतं, जाडसर, आणि फरशीवर वाळूची जीभ पसरत चालली होती. पाणीवाल्याकडे सगळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, ‘‘हे आमचं नाही.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘बहुतेक.’’

बहुधाबाईने साहेबांना फोन लावला. ‘‘हलवा,’’ ती म्हणाली.

‘‘खात्री आहे?’’

‘‘नाही.’’

साहेब म्हणाले, ‘‘ठीक आहे. माझ्या नावाने हलवतो.’’ ते असं म्हणतील असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि आता त्यांच्याबद्दल काय मत ठेवावं याचाही घोळ झाला.

ठमी निघायला तयार होईना. ती उंबऱ्यातल्या पाण्यात उभी राहून म्हणाली, ‘‘वहिनी, खरं सांग. बांध पडणार आहे?’’

‘‘मला माहीत नाही, ठमे.’’

‘‘तुला माहीत नाही आणि मी घर सोडू? माझी कलमं सोडू? इतकी वर्षं शिकलीस कशाला मग?’’

‘‘ते मलाही कळत नाही.’’

हे उत्तर ठमीला अपेक्षित नव्हतं. ती भांडायच्या तयारीत होती आणि समोरून भांडणच आलं नाही. तेवढ्यात तिचा भाऊ, पोस्टातून तसाच उठून आलेला, दारात उभा राहिला. एकीकडे बायको, एकीकडे बहीण. नेहमी तो अशा वेळी चपला शोधायला बाहेर जायचा. आज त्याने सरळ आत येऊन बहिणीची पेटी उचलली आणि म्हणाला, ‘‘आत्ता चल. शिव्या तिथे घाल.’’

वस्ती उंचावरच्या शाळेत गेली. कचेरीच्या माणसांनी वाळूची पोती आणली आणि दोन्ही ठिकाणी गोल कडं रचलं, विहिरीच्या काठासारखं. गवंड्याचं सिमेंट फोडावं लागलं. ते त्यानेच फोडलं, आणि नंतर सगळ्यांत जास्त पोतीही त्यानेच वाहिली. कड्यात पाणी चढत गेलं. जितकं वर चढलं तितका खालच्या पाण्यावर त्याचा भार पडला आणि वाळू यायची थांबली. पाणी नितळ होऊन कड्यावरून संथ वाहायला लागलं. त्या धांदलीत गुलाबांच्या दोन रांगा पायदळी गेल्या. बहुधाबाईने त्यातली उरलेली रोपं एका बाजूला नेऊन ठेवायचा प्रयत्न केला आणि त्या नादात एका पोत्याला अडखळून चांगलीच आपटली.

नदी काही दिवसांनी उतरली. बांध जागच्या जागी होता.

लोक परतले ते कुरकुरतच. शाळेच्या फरशीवर झोपून सगळ्यांच्या कंबरा धरल्या होत्या. ‘‘काही झालं का? काहीच नाही,’’ असं जो तो जाता-येता तिला ऐकू जाईल असं म्हणायचा. ती मान हलवायची. काही झालं नाही हे खरंच होतं. पोत्यांमुळे झालं नाही, की नाहीतरी होणारच नव्हतं, हे कुणाला विचारावं? वाल्व्ह उघडल्यावर पाणीवाल्याला पाइपलाइनचा सांधाही खरोखरच सुटलेला सापडला. तो मोठ्या अभिमानाने ते सांगायला कचेरीत आला. म्हणजे पहिलं पाणी त्याचं होतं? की दोघांचं?

जमीन वाळल्यावर साहेबांनी खणून बघायला लावलं. स्वयंपाकघराच्या मागे, चिकणमातीच्या खाली, एक पोकळी निघाली. हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढी, बांधाच्या दिशेने गेलेली. पुढे ती वाळूत मिटून गेली होती. सगळे तिच्याभोवती उभे राहिले. एक म्हणाला, हेच ते बीळ, नदीकडे निघालं होतं. दुसरा म्हणाला, जुन्या झाडाचं मूळ कुजलेलं दिसतंय. तिसऱ्याने उंदराचं नाव घेतलं. बहुधाबाई पोटावर झोपली, तिने हात घातला आणि भिंत चाचपली. गुळगुळीत होती. पाण्याने गुळगुळीत होते, मुळानेही होते. ती तशीच पडून राहिली, गाल ओल्या मातीला लावून. तिला वाटलं, आता आतून काहीतरी उत्तर येईल. काही आलं नाही.

‘‘काय वाटतं?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘थंड लागतंय,’’ ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

साहेबांनी नकाशावरचा तो तुकडा स्वतःच्या हाताने लाल केला. बांधाच्या पायथ्याशी जाड-बारीक खडीचा थर घालायचं ठरलं, म्हणजे पाणी सुटेल पण माती अडेल. त्यासाठी रोपवाटिकेची अर्धी जागा जाणार होती. ही बातमी ठमीला कुणी सांगायची, यावर कचेरीत सगळ्यांना एकाएकी कामं आठवली.

सुट्टीच्या दिवशी बहुधाबाई एकटीच गेली. ठमी कलमांना पाणी घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. किती जागा, कुठून कुठपर्यंत, कधी. मग झारी खाली ठेवून म्हणाली, ‘‘घराचं काय?’’

‘‘घर राहील. पण पुढच्या पुरात तुला परत निघावं लागेल, कदाचित उगाचच.’’

‘‘आणि नाही निघाले तर?’’

‘‘तर कदाचित काहीच होणार नाही.’’

ठमी तिच्याकडे बघतच राहिली. ‘‘वहिनी, तुझ्याशी बोललं की माणसाला घेरी येते,’’ ती म्हणाली. ‘‘तुला रात्रीची झोप तरी लागते का गं?’’

‘‘लागते. बसल्या बसल्यासुद्धा लागते. परवा साहेबांसमोर लागली.’’

ठमीला हसू आलं, ते तिला दाबता आलं नाही. मग ती उठली आणि जिथून जागा जाणार होती तिथली पहिली रांग दाखवून म्हणाली, ‘‘आलीच आहेस तर हात लाव. ही लिंबाची कलमं पलीकडे न्यायची. बुंध्याला धरू नकोस, पिशवीला खालून धर.’’

दोघी वाकून पिशव्या हलवायला लागल्या. जमीन अजून ओलसर होती. ती नदीमुळे, पाइपलाइनमुळे की ठमीच्या झारीमुळे, हा प्रश्न बहुधाबाईच्या मनात आलाच. तिने एक पिशवी खाली ठेवली, मातीची चिमूट उचलून बोटांत चोळली, आणि ठमी ओरडली तशी पुन्हा पिशवी उचलून चालायला लागली.